गाण्यांचे सांधे

भाच्याला अठरावं लागलं तेव्हा त्याने भेट मागितली ती अशी : "मामा, तुझ्या आवडीचं रॉक मला एका दमात ऐकायचंय. जुनं, नवं, सगळं. तूच जोडून दे." मी नव्वद मिनिटांची मर्यादा घालून घेतली, कारण माझ्या पिढीचा हात त्याच मापावर बसलेला. सी-९० कॅसेट. दुकानात यादी आणि कोरी कॅसेट द्यायची, चार दिवसांनी भरून मिळायची. सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने एका बाजूची ४५ मिनिटं, म्हणजे साधारण १२८ मीटर फीत. फीत संपली की शेवटचं गाणं मध्येच तुटायचं. अशी काही गाणी आजही मला त्याच ठिकाणी तुटल्यासारखी वाटतात.

यादी एका संध्याकाळी झाली. जोडायला तीन आठवडे गेले.

कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रमहान्सल यांनी २०१० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकप्रिय गाण्यांचे फक्त ४०० मिलिसेकंदांचे तुकडे लोकांना ऐकवले. पाव भागाहून जास्त वेळा ऐकणाऱ्यांनी गाणं आणि गायक, दोन्ही अचूक सांगितले. गाणं ओळखता आलं नाही तरी ते कोणत्या धाटणीचं, हे सांगता येत होतं. एवढ्या वेळात चाल धड सुरूसुद्धा होत नाही. कानाला पुरतो तो आवाजाचा पोत. म्हणजे दोन गाण्यांच्या सांध्यावर ऐकणारा अर्ध्या सेकंदाच्या आत एका काळातून दुसऱ्या काळात जाऊन पडतो. मला त्याला पाडायचं नव्हतं, नेऊन सोडायचं होतं.

पहिली ठेच आवाजाच्या पातळीची. चक बेरीचं 'जॉनी बी. गूड' १९५८चं, मेटॅलिकाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम २००८चा. मध्ये बरोबर पन्नास वर्षं. दोन्ही 'ऑडॅसिटी' या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी-शेजारी उघडले. पहिल्याच्या ध्वनिलहरीची आकृती सह्याद्रीच्या रांगेसारखी, सुळके आणि खिंडी असलेली. दुसऱ्याची भिंत. विटेवर वीट.

डिजिटल ध्वनीला छत असतं. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजून लिहितात आणि ती ३२,७६७ या आकड्याच्या वर जाऊच शकत नाही. पण कान सुळक्याची उंची बघत नाही, थोड्या वेळातली सरासरी ताकद बघतो. त्यामुळे सुळके दाबून खिंडी वर उचलल्या की छत तेवढंच राहून गाणं मोठं वाटतं. शेजारच्या गाण्यापेक्षा आपलं गाणं मोठं वाजावं, या हव्यासातून नव्वदच्या दशकात ही दाबादाबी वाढत गेली. 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये तर लहरींचे माथे अक्षरशः कापले गेले. तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली निघाली आणि चाहत्यांनी दोन्ही ऐकून फरक पकडला. वाजवणाऱ्यांनी जीव तोडून वाजवलेल्या ड्रमच्या ठोक्याचा माथा छाटून टाकणं, याला मी नुकसानच म्हणतो.

पातळी जुळवताना बहुतेक जण जुनं गाणं वर उचलतात. तसं केलं तर त्याचेही सुळके छताला लागतात. नवं खाली आणायचं. किती, हे सांगणारं मोजमाप आता सर्वमान्य आहे. कान सगळ्या स्वरांना सारखा न्याय देत नाही, हे बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिलं होतं. हळू आवाजात खर्ज लवकर विरतो, दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात मात्र आपण फार तीक्ष्ण असतो. कानाच्या या कलाचा हिशेब धरणारी पद्धत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००६ साली ठरवून दिली. तिच्या एककाला ध्वनिमुद्रणवाले 'लफ्स' म्हणतात. मी सगळी गाणी उणे १४ लफ्सवर आणली. मग जे ऐकू आलं त्याने मी खुर्चीत सावरून बसलो. पन्नास वर्षांनी जुनं गाणं मोठं झालं होतं! भिंत बसकी वाटत होती, आणि चक बेरीच्या मागचा ड्रम खोलीत उडी मारून येत होता.

दुसरी ठेच पट्टीची. गिटारची सगळ्यात जाड तार सहसा पांढरी तीनला लावतात, ८२.४ हर्ट्झ. जिमी हेंड्रिक्स पुष्कळदा ती एक पट्टी उतरवून काळी दोनला लावायचा. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यातल्या अपघातात गेली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तो हाच हात. तारा सैल केल्या तर दुखऱ्या बोटांना सोपं पडायचं. १९७१च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त तो काळी एकपर्यंत उतरला. हेवी मेटलचा तो अंधारा खर्ज अशा कारणांनीही आला आहे. पण पांढरी तीनमधलं गाणं संपून लगेच काळी एकमधलं सुरू झालं की तानपुरा न बदलता गायक बदलल्यासारखं होतं.

टेपच्या जमान्यात यावर एकच उपाय होता, वेग. आणि त्याचा सगळ्यात सुंदर नमुना बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर'मध्ये आहे. १९६६च्या अखेरीस त्यांनी हे गाणं दोन प्रकारे मुद्रित केलं. एक हळुवार, दुसरं ट्रम्पेट आणि चेलो घेतलेलं, जास्त द्रुत आणि सुमारे एक पट्टी वरचं. जॉन लेननला पहिल्याची सुरुवात हवी होती आणि दुसऱ्याचा शेवट. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी अडचण सांगितली, दोन्हींची लय वेगळी आणि पट्टीही वेगळी. लेनन ऐकेना.

तोडगा निघाला तो भौतिकशास्त्राच्या एका साध्या नियमामुळे. टेप हळू फिरवली की लय उतरते आणि पट्टीही उतरते, दोन्ही एकाच प्रमाणात. पेटीवरची एक पट्टी म्हणजे कंपनसंख्येत सुमारे सहा टक्के. आता नशीब असं की दुसरं मुद्रण द्रुतही होतं आणि चढही होतं. ते जर द्रुत आणि उतरतं असतं तर काहीच जमलं नसतं, एक जुळवताना दुसरं आणखी बिघडलं असतं. मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपच्या गती जुळवल्या आणि फीत कापून चिकटवली. सांधा गाण्याच्या साधारण एका मिनिटावर येतो. हेडफोन लावून ऐका. लेननचा आवाज तिथून पुढे किंचित जड, झोपाळलेला होतो. मंदावलेल्या फितीचं वजन त्याच्या कंठावर बसलेलं आहे, आणि गाण्याच्या स्वप्नाळूपणाचा मोठा भाग तिथूनच येतो, असं माझं ठाम मत आहे.

त्याच १९६६ साली बेल प्रयोगशाळेच्या फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी 'फेज व्होकोडर'चा निबंध छापला. आवाजाचे छोटे-छोटे तुकडे करायचे, प्रत्येकात कोणते स्वर किती आहेत ते काढायचं आणि ते स्वर तसेच ठेवून तुकडे जवळ किंवा लांब बसवायचे. लय आणि पट्टी यांची गाठ इथे सुटते. आज घरच्या संगणकावर पट्टी न हलवता लय बदलते ती याच आणि यासारख्या युक्त्यांनी. तरी मी ती दोन-तीन टक्क्यांपलीकडे ताणली नाही. जास्त ताणलं की झांजेचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा येतो.

गाणी एकमेकांत विरघळवताना एक चूक मीही केली. पहिलं हळूहळू खाली, दुसरं हळूहळू वर, मध्यावर दोन्ही अर्धी. ऐकायला नीट वाटायला हवं होतं, पण मध्ये खड्डा पडला. लहरीची उंची अर्धी केली की ताकद पाव होते. दोन परक्या लहरींची ताकद एकमेकींत मिळवली की पाव अधिक पाव, म्हणजे अर्धी. तीन डेसिबलचा खड्डा. मध्यावर प्रत्येकाची उंची सुमारे ७१ टक्के ठेवली तर प्रत्येकाची ताकद अर्धी राहते आणि खड्डा बुजतो.

क्वीनच्या 'बोहेमियन रॅप्सडी'ला मी हात लावला नाही. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वाढलेल्या फारुख बुलसाराने, म्हणजे फ्रेडी मर्क्युरीने, १९७५ साली सहा मिनिटांत संथ गीत, ऑपेरा आणि कडक रॉक यांचे सांधे असे बसवले आहेत की शेजारी दुसरं काही जोडायला भीती वाटते. त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार सेकंदांची शांतता ठेवली.

शेवट मात्र ठरत नव्हता. तेव्हा दुसरं एक नव्वद मिनिटांचं मिक्स आठवलं. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर गेलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी. जास्त संगीत मावावं म्हणून ती एलपीच्या निम्म्या वेगाने, मिनिटाला १६⅔ फेऱ्यांनी वाजेल अशी कोरली आहे. तिच्यात 'जॉनी बी. गूड' आहे. आणि शेवटाकडे गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तिच्या लगेच पुढे काय ठेवलंय? ब्लाइंड विली जॉन्सनचं १९२७चं 'डार्क वॉज द नाइट'. शब्द नाहीत, नुसतं गुणगुणणं आणि तारेवरून घसरत जाणारी गिटार. रॉक ज्या ब्लूजच्या मुळातून फुटलं, त्यातलं हे गाणं.

मी तो सांधा घरी लावून पाहिला. पातळी जुळवली, बाकी काही नाही. पट्टी तपासलीच नाही. केसरबाईंची मींड जिथे विरते तिथून थोड्या खरखरीनंतर गिटारची मींड निघते. भाच्याने हेडफोन काढला आणि विचारलं, "मामा, ह्या बाई कोण?" मी म्हटलं, आधी पुन्हा ऐक.