पाण्याबाहेरची नौका

आपलें राहाता गांव समुद्रापासून फार दूर. तथापि गोदावरीचा उजवा कालवा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचें पाणी बंद असतें, तेव्हांच तळांतील गाळ व तडे दिसतात, आणि त्यांची दुरुस्ती करतां येते. जी गोष्ट कालव्याची, तीच नौकेची. जिचें सारें आयुष्य पाण्यावर जावयाचें, तिलाही कांहीं काळ पाण्याबाहेर राहावें लागतें. हें कां, याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

नौकेस खरा धोका असतो तो पाण्याखालीं, डोळ्यांआड असलेल्या बुडाला. समुद्रांत शिंपल्यांच्या कुळांतील एक मऊ, किड्यासारखा लांबट प्राणी असतो. तो लाकूड पोखरीत आंत शिरतो. बाहेरून बारीकसें छिद्र दिसतें, परंतु आंत फळीची चाळण झालेली असते. दुसरे, खेंकड्यांच्या वर्गांतील कांहीं कवचधारी जीव फळ्यांस चिकटून बसतात. त्यामुळें बूड खरबरीत होऊन नौकेची गति मंदावते. हे दोन्ही जीव पाण्याबाहेर फार दिवस टिकत नाहींत. म्हणून नौका कोरड्यावर आणणें हा त्यांवरील जुना व सोपा उपाय होय.

आपल्या कोंकणांत हा काळ पावसाळ्यांत येतो. दर्या खवळलेला असतो, आणि माशांच्या विणीचाही तोच हंगाम. म्हणून महाराष्ट्रांत यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलैपर्यंत मासेमारीची मनाई असते. लहान होड्या भरतीच्या वेळीं किनाऱ्याशीं आणून, खालीं ओंडके घालून, अनेक माणसें मिळून वर ओढतात. मग बूड खरवडतात, कुजलेली फळी बदलतात, फटींत कापूस व राळ ठासतात आणि लाकडास तेल पाजतात. शेवटीं झावळ्यांनीं किंवा ताडपत्रीनें होडी झांकतात. यास होडी शाकारणें म्हणतात. पावसाचें पाणी सांचल्यास लाकूड कुजतें, कडक उन्हानें फळ्या आक्रसून सांधे उघडतात; या दोहोंपासून तें आच्छादन तिचें रक्षण करितें. या दिवसांत कोळ्याच्या घरीं मिळकत थांबलेली असते आणि खर्च मात्र वाढलेला असतो. तरीही तो होडीच्या डागडुजींत कुचराई करीत नाहीं. कारण पुढें भर समुद्रांत त्याचा जीव त्याच फळ्यांवर अवलंबून असतो.

मोठें जहाज असें ओढून नेतां येत नाहीं. त्यासाठीं सुकी गोदी बांधतात. भरतीच्या पाण्यावर जहाज आंत घ्यावयाचें, दरवाजा लावावयाचा आणि आंतील पाणी काढून टाकावयाचें, म्हणजे जहाज टेकूंवर उभें राहतें. मुंबईस अशी पहिली गोदी १७५० सालीं झाली. १७३६ सालीं सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया व त्यांचे वंशज यांनीं तेथें अनेक जहाजें बांधिलीं. त्यांतील १८१७ सालचें सागवानी 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. वेळोवेळीं केलेल्या दुरुस्तीचेंच हें फळ.

जहाज गोदींत गेलें म्हणजे खलाशी किनाऱ्यावर राहूं शकतात. परंतु नौका हेंच ज्यांचें घर, त्यांनीं काय करावें? इंग्लंडांतील कालव्यांवर सुमारें ७ फूट रुंद व ७० फुटांपर्यंत लांब अशा अरुंद नौका आहेत. पूर्वीं त्यांतून कोळसा व इतर माल जाई. आज पुष्कळ कुटुंबें त्यांत राहतात. त्यांचें पोलादी बूड किडीस दाद देत नाहीं, पण गंजतें. म्हणून दर दोनतीन वर्षांनीं नौका पाण्याबाहेर घेऊन बूड धुतात, पत्र्याची जाडी मोजतात, डांबरी लेप देतात आणि मॅग्नेशियमचे ठोकळे बसवितात. पोलादाऐवजीं ते ठोकळे झिजतात. कित्येक कुटुंबें या दिवसांतही आंतच राहतात. तेव्हां शिडीनें चढउतार करावी लागते. मोरीचें पाणी नौकेच्या कुशींतील छिद्रांतून बाहेर पडतें. तें ओल्या लेपावर ओघळूं नये म्हणून बादलींत धरून बाहेर न्यावें लागतें. नेहमींचें हेलकावणेंही थांबलेलें असतें. घर तेंच, पण संसार अडचणीचा!

मुलांनो, कोंकणांतील कोळी आणि इंग्लंडांतील तें कुटुंब एकच गोष्ट जाणून आहेत. जें आपणांस तारतें, तें बहुधा नजरेआड असतें. तें बुडूं लागल्यावर नव्हे, तर चांगलें चाललेलें असतांनाच, गैरसोय सोसून तपासावें लागतें.