कॉम्प्युटरच्या डब्यात काय घालायचं?

लग्नात व्हिडिओवाला सगळ्यांना दिसतो. खांद्यावर कॅमेरा, मागे लाइट धरणारा पोऱ्या आणि 'मामा, जरा इकडं बघा' ही हाक. पण लग्न उरकल्यावर आठ-आठ दिवस घरात बसून ते चित्रण जोडणारी, नको ते कापणारी, गाणी घालणारी बाई कुणाला दिसत नाही. आमच्या पेठ-मंचर भागात अशा सुना-मुली मला ठाऊक आहेत. शूटिंगला नवरा किंवा दीर जातो, 'मिक्सिंग' मात्र घरात होतं. आधी व्हीएचएस कॅसेट होती, मग सीडी आली, मग डीव्हीडी. आता पेन ड्राइव्ह आणि यूट्यूब. त्यात बैलगाडा शर्यतींची भर पडली. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंद केलेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. तेव्हापासून यात्रेत घाटावरच्या बाऱ्यांच्या चित्रणालाही गिऱ्हाईक आहे.

आमच्या बचत गटातल्या अशाच एका मैत्रिणीने नव्या कॉम्प्युटरसाठी कर्ज मागितलं, तेव्हा बैठकीत बरीच कुजबुज झाली. "म्हशीला कर्ज दिलं तर दूध तरी घरात येतं. या डब्याचं काय?" तिचं म्हणणं साधं होतं. जुन्या मशीनवर एक लग्न 'काढायला' रात्र जाते. मध्येच बंद पडलं तर सकाळी पुन्हा पहिल्यापासून. रात्री दोनदा उठून बघायचं आणि पहाटे पाण्याला उठायचं. मे महिन्यात पाच-सहा लग्नं साचली की गिऱ्हाईक दुसरीकडे जातं. म्हणजे कर्ज कॉम्प्युटरला नव्हतं, तिच्या झोपेला आणि धंद्याला होतं. ती दुकानात विचारायला गेली तर उत्तर मिळालं, "ताई, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." मिक्सिंग ताई करणार आणि समजावणार साहेबांना! मग आम्हीच माहिती काढायला बसलो. मी बी. ए. मराठीची, पण समजून घेतलं तर फार अवघड नाही हो!

आधी हे काम काय आहे ते पाहू. व्हिडिओ म्हणजे सेकंदाला साधारण २५ फोटो. तीन तासांच्या लग्नाचे झाले २ लाख ७० हजार. फुल एचडीच्या एका फोटोत वीस लाखांवर ठिपके. हे सगळं न दाबता ठेवलं तर तीन तासांचं लग्न आठशे जीबीच्या वर जाईल, आणि गिऱ्हाईकाच्या हातात आपण देतो ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह. म्हणून चित्रण आटवावं लागतं. आपण वाळवणातलं पाणी काढतो तसंच. यालाच 'एन्कोडिंग' म्हणतात. कॉम्प्युटर प्रत्येक फोटो आधीच्या फोटोशी ताडून पाहतो आणि जेवढं बदललं तेवढंच टिपून ठेवतो. मांडव तोच, स्टेज तोच, नवरीचा शालू तोच, तेव्हा काम हलकं असतं. पण अक्षता पडायला लागल्या की दाणा न् दाणा हलतो! भंडारा उधळला, घाटात बैलांच्या पायाखालची धूळ उडाली की तसंच. तिथे मशीनला घाम फुटतो.

काम मोजून मग यंत्र जमवायचं, याचा आपल्या शेजारचाच दाखला आहे. नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना आहेत. प्रत्येकीचा संकेत दुसऱ्या प्रत्येकीशी ताडायचा म्हणजे ४३५ जोड्या, तेही त्याच क्षणी. पूर्वी त्यासाठी खास बनवलेली यंत्रणा होती. २०१० च्या सुमारास तिथल्या शास्त्रज्ञांनी बाजारात मिळणारे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून हे काम करून दाखवलं. पुढे त्यात ग्राफिक कार्डंही आली. किती गणितं, किती वेळात, हे आधी ठरलं होतं म्हणूनच ते जमलं. आपल्या मैत्रिणीचा हिशेब त्याहून सोपा आहे. सेकंदाला २५ फोटो आटवणारं मशीन तीन तासांचं लग्न तीन तासांत काढतं आणि ७५ आटवणारं एका तासात.

आता पैसे कुठे घालायचे? सगळ्यात आधी प्रोसेसरमध्ये. सहा कोअरचा, म्हणजे सहा हातांचा, इंटेल आय-फाइव्ह किंवा एएमडी रायझन फाइव्ह मध्यम बजेटला पुरतो. आठ कोअर परवडले तर उत्तम. पण इथे एक बारीक अक्षर लक्षात ठेवा. इंटेलचे काही प्रोसेसर 'एफ' लावून येतात, जसे १२४०० आणि १२४०० एफ. एफवाला थोडा स्वस्त पडतो, कारण त्यात ग्राफिकचा भागच नसतो. आणि व्हिडिओ झटपट आटवणारी 'क्विक सिंक' नावाची सोय (इंटेलने ती २०११ मध्ये आणली) त्याच भागात असते! दोन-तीन हजार वाचवताना नेमकं आपल्या कामाचं हत्यार गळतं. वर दुकानदार म्हणणार, 'एफसोबत छोटं कार्ड टाकून देतो.' जीटी १०३० सारख्या स्वस्त कार्डात एन्कोड करायची सोय मुळातच नाही. नुसतं चित्र दिसेल, काम होणार नाही.

ही झटपट सोय वापरायची की सगळं काम प्रोसेसरच्या कोअरवर सोडायचं, हेही ज्याचं त्याने ठरवायचं. झटपट काढलेल्या फाइलमध्ये तेवढीच सफाई हवी असेल तर ती थोडी मोठी होते. सावकाश काढलेली छोटी आणि नीटस होते, पण वेळ खाते. माझं मत विचाराल तर यूट्यूबसाठी रात्र घालवण्यात अर्थ नाही, कारण यूट्यूब आपली फाइल स्वतः पुन्हा आटवतंच. जपून ठेवायच्या प्रतीसाठी सावकाश काढा.

महागड्या गेमिंग कार्डाची घाई नको. रंगीबेरंगी दिवे लागणारा डबा दुकानात फार देखणा दिसतो, पण दिव्यांनी एन्कोडिंग होत नाही. फोरकेचं काम भरपूर येऊ लागलं, रंग-इफेक्टचं काम वाढलं, तर कार्ड पुढच्या सीझनला घालता येतं. फक्त त्या हिशेबाने पॉवर सप्लाय आत्ताच बरा घ्यायचा.

मेमरी १६ जीबी, आठ-आठच्या दोन पट्ट्या. एकच पट्टी टाकली तर निम्मा रस्ता बंद राहतो. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, कारण एआयवाल्या कंपन्या ती मोठ्या प्रमाणात उचलू लागल्या. म्हणून जुनं कोटेशन धरून बसू नका. विंडोज आणि चालू काम एसएसडीवर, झालेली लग्नं साध्या हार्ड डिस्कवर, आणि त्यांची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर. लग्न परत लावता येत नाही!

गावात खरी काळजी विजेची आणि धुळीची. एन्कोडिंगला प्रोसेसर तासन् तास पूर्ण जोरात पळतो. तापला की आपणहून वेग कमी करतो. मग महागाचा प्रोसेसर स्वस्ताच्या चालीने चालतो. डबा जाळीचा, पुढून हवा घेणारा हवा. तो जमिनीवर नको, स्वयंपाकघराच्या भिंतीला तर नकोच. आमच्या सातगाव पठारावर बटाट्याच्या हंगामात धूळ घरभर होते, तेव्हा जाळी वरचेवर झाडायची. पॉवर सप्लाय नावाजलेल्या कंपनीचा आणि '८० प्लस'चा शिक्का असलेला. डब्यासोबत फुकट मिळणारा बाजूला ठेवा. घराचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. यूपीएसशिवाय मशीन सुरूच करायचं नाही. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटचा भार पेलतो. मोठं कार्ड नसलेल्या या मशीनला तो चालतो, पण काही मिनिटंच. म्हणून साखरपुडा, हळद, लग्न, वरात असे वेगवेगळे भाग काढून ठेवायचे. वीज गेली तर एका भागाचंच नुकसान.

जुनं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून भुलू नका. विंडोज १० ची सुरक्षा दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली आणि बऱ्याच जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. बिल पक्कं, जीएसटीचं आणि व्यवसाय करणारीच्या नावावर घ्या. प्रोसेसर खोक्यातला मागा. सुटा, 'ट्रे'तला घेतला तर इंटेल त्याची वॉरंटी थेट देत नाही.

हे सगळं आम्ही एका फुलस्केपवर लिहिलं. मॉनिटर जुनाच ठेवला आणि सत्तर हजारांची मर्यादा घातली. मंचरच्या आणि पुण्याच्या दुकानांतून तोच कागद दाखवून भाव मागवले, त्यामुळे तुलना करणं सोपं गेलं. पुढच्या बैठकीत गटाने कर्ज मंजूर केलं. म्हशीवाल्या काकूंनीही हात वर केला.

दुकानात जाताना मैत्रिणीने पेन ड्राइव्हवर अक्षता पडतानाचा पाच मिनिटांचा तुकडा नेला होता. तयार मशीनवर, हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममध्ये, तिच्या नेहमीच्या सेटिंगने तो समोर काढून दाखवा, मगच पैसे देते, म्हणाली. दुकानदाराने आधी हसून पाहिलं, मग खुर्ची दिली. तिने मोबाइलवर वेळ लावली. पाच मिनिटांचा तुकडा पावणेदोन मिनिटांत निघाला.