गाण्याआधी घेतलेली नावं

१९४९ साली 'महल' चित्रपटाच्या गाण्यांची तबकडी बाजारात आली, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे पडद्यावर मधुबालाने रंगवलेल्या पात्राचं नाव. 'आयेगा आनेवाला' रेडिओवर वाजू लागलं आणि गाणारी कोण, हे विचारणारी पत्रं केंद्रात येऊन पडू लागली. शेवटी रेडिओवाल्यांनी एचएमव्ही कंपनीकडून खरं नाव मागवून घेतलं आणि ते श्रोत्यांना सांगितलं : लता मंगेशकर.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर मी बरीच वर्षं नैमित्तिक निवेदिका होते. हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक मुलामुलीला मी आधी ही गोष्ट सांगायचे. जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदकाचं पहिलं काम गोड बोलणं हे नाही. गाणं कोणाचं आहे, हे सांगणं हे त्याचं पहिलं काम.

राहायला वसईत, ड्युटी चर्चगेटला. पहिल्या सभेची पाळी असली की (आकाशवाणीत प्रसारणाच्या सत्राला 'सभा' म्हणतात) काळोखातच लोकल पकडायची. त्या गाडीत मोगऱ्याच्या, चाफ्याच्या टोपल्या घेऊन दादरच्या फूलबाजाराला निघालेल्या आमच्याकडच्या बायका असायच्या. एकदा ओळख झाल्यावर त्या विचारायच्या, "बाय, आज कोणाची गाणी लावशील?" त्यांना चित्रपटाची नावं आठवत नसत, पण "खळ्यांचं एक तरी लाव" असं अचूक सांगत. संगीतकार श्रीनिवास खळे यांचं नाव त्यांच्यापर्यंत कोणी पोहोचवलं? शाळेने नाही, वर्तमानपत्राने नाही. वाडीत रहाटाजवळ टांगलेल्या ट्रान्झिस्टरने.

केंद्रात पोचल्यावर लायब्ररीतून काढलेल्या तबकड्या आणि टेप ताब्यात घ्यायच्या, क्यू शीटशी (कार्यक्रमाच्या क्रमाच्या यादीशी) ताडून बघायच्या. लाखेची ७८ फेऱ्यांची तबकडी एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं वाजते. जुनं गाणं तीन मिनिटांचं का, याचं उत्तर त्या तबकडीच्या आकारात आहे. कवीला तेवढ्यातच अंतरे बसवावे लागत आणि संगीतकाराला तेवढ्यातच सुरावट फुलवावी लागे. अर्ध्या तासात अशी सात-आठ गाणी बसतात, मधल्या जागा निवेदकाच्या. सुई खाचेत टेकवायची, स्वर लागतो तिथे थांबवायची, तबकडी किंचित उलटी फिरवून तयार ठेवायची आणि वाक्य संपताक्षणी फेडर वर न्यायचा. शेवटचा शब्द आणि पहिला स्वर यांच्यात एका श्वासाचीही पोकळी राहू द्यायची नाही. हे जमायला महिने लागतात.

टेपचं काम त्याहून नाजूक. पाव इंच रुंदीची टेप सेकंदाला साडेसात इंच या वेगाने धावते. १२०० फुटांच्या स्पूलवर बत्तीस मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासाचा कार्यक्रम बसतो. अडखळलेला शब्द काढायचा तर टेप हाताने पुढेमागे करून जागा शोधायची, ब्लेडने तिरका छेद द्यायचा आणि दोन टोकं पट्टीने जोडायची. छेद तिरकाच हवा, सरळ दिला तर जोड कानाला खट्‌कन लागतो. चांगल्या संपादकाने कापलेलं श्रोत्याला कधीच कळत नाही.

मग लाल दिवा लागायचा. "हे आकाशवाणीचं मुंबई केंद्र आहे. पाचशे सदतीस पूर्णांक सहा दशांश मीटर्स, अर्थात पाचशे अठ्ठावन्न किलोहर्ट्झवर..." मालाडच्या प्रक्षेपकावरून निघालेल्या या मध्यम लहरी खाडी ओलांडून नायगाव, वसई, आगाशी, अर्नाळ्यापर्यंत स्वच्छ पोचत.

'आपली आवड' या फर्माइशी गाण्यांच्या कार्यक्रमाला येणारी पोस्टकार्डं मी सगळी वाचायचे. आमच्या भागातलं कार्ड हाती आलं की जरा जास्त वेळ हातात राहायचं. एका कार्डावर घरातल्या सगळ्यांची नावं होती, अगदी पाळण्यातल्या बाळाचंसुद्धा. गाणं वाजण्याआधी आपलं नाव ऐकावं, यासाठी माणसं महिनोन्‌महिने थांबत.

गाणी अशी घरोघरी पोचली, ते सरकारी कृपेने घडलं, असं मात्र मी म्हणणार नाही. १९५०च्या दशकात माहिती व नभोवाणीमंत्री बा. वि. केसकरांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीतं कमी केली आणि श्रोते सरळ रेडिओ सिलोनकडे वळले. १९५२ च्या डिसेंबरात तिथे अमीन सयानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. सयानी ती मुंबईत ध्वनिमुद्रित करत, टेप कोलंबोला जात आणि गाणी समुद्रापलीकडून आपल्या घरात येत. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी 'विविध भारती' जन्माला आली ती या धक्क्यातून. माझ्या मते लोकांच्या कानापुढे सरकार नमलं, याचं हे ठळक उदाहरण आहे.

मराठी भावगीताच्या बाबतीत मात्र आकाशवाणीने उलट दिशेने काम केलं. तिथे गाणी नुसती वाजली नाहीत, जन्मली. पुणे केंद्राचे सीताकांत लाड यांच्या आग्रहातून कवी गदिमा आणि संगीतकार सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झालं आणि वर्षभराहून थोडा अधिक काळ दर आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाणी झाली. मुंबई केंद्रात यशवंत देव, श्रीनिवास खळे, मंगेश पाडगावकर नोकरीला होते. 'शुक्रतारा मंदवारा' म्हटलं की अरुण दाते आठवतात, पण निवेदनात आम्ही सहगायिका सुधा मल्होत्रा, कवी पाडगावकर आणि संगीतकार खळे यांनाही तितक्याच ठामपणे उभं करायचो. चार नावं उच्चारायला सात सेकंद लागतात. ते सात सेकंद वाचवण्यासारखे मला कधीच वाटले नाहीत.

आज मोबाइलवर एकामागून एक गाणी लागतात आणि पडद्यावर बहुतेक वेळा गायकाचं तेवढं नाव दिसतं. कवी बारीक अक्षरांत कुठेतरी, किंवा नाहीच. वादकांचं तर आम्हीही पुरेसं सांगितलं नाही, कारण तबकड्यांवर ती नावं क्वचितच असत. एकेका पिढीच्या मनातून कवी असेच पुसले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून एक विनंती. घरात जुन्या तबकड्या किंवा कॅसेट असतील तर त्या रद्दीत देण्याआधी वेष्टणावरची आणि लेबलावरची सगळी नावं वहीत उतरवून ठेवा. आणि नातवंडांना जुनं गाणं ऐकवाल तेव्हा ते सुरू होण्याआधी कवी, संगीतकार आणि गायक यांची नावं मोठ्याने सांगा.