बेअरिंगं मोजू नका

आमच्या मराठी मंडळातला एक तरुण नुकताच मिशिगनला राहायला आला आहे. गणपतीत आरती झाल्यावर प्रसादाचा द्रोण हातात घेऊन तो माझ्याजवळ आला. "मावशी, मासे गरवायचं एक रील बघितलंय, दहा बेअरिंगवालं. दुसरं पाचचं आहे. दहाचंच घेऊ ना?" म्हटलं, "अरे, गाडी घेताना नट-बोल्ट मोजतोस का?" तो हसला, पण चेहऱ्यावरचा प्रश्न काही गेला नाही. हा लेख त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारख्या आणखी कितीतरी जणांसाठी.

गिअरचे दात तपासण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आधी चिंचवडला, मग इथे डेट्रॉइटच्या आसपास. कुठलंही फिरणारं यंत्र हातात आलं की आधी त्यातला प्ले, म्हणजे ढिलेपणा, बघायचा, ही खोड आता जाणार नाही. बास मासा गळाने पकडायचा नाद मात्र इथे आल्यावर लागला. लहानपणी रत्नागिरीला काकाबरोबर गरवायला जायचे, तो मासा संध्याकाळी कालवणात जायचा. इथे मी पकडलेला मासा मोजते आणि सोडून देते. आईला हे अजून पटलेलं नाही. "सोडायचाच होता तर गेलीस कशाला?" असं ती फोनवर विचारते. मी विषय बदलते.

बास म्हटलं की आपल्याकडच्या खवय्यांना जिताडा आठवतो, कारण त्यालाही सीबास म्हणतात. पण दोघांचं गोत्र वेगळं. अमेरिकेतला हा बास सनफिश कुळातला, गोड्या पाण्यातला. त्यातला लार्जमाऊथ जास्त प्रसिद्ध. जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने 1932 साली जॉर्जियात 22 पौंड 4 औंसाचा लार्जमाऊथ पकडला होता. त्या विक्रमाची बरोबरी व्हायला 2009 उजाडलं, आणि तीही जपानच्या बिवा सरोवरात झाली. आमच्याकडे राज्य स्मॉलमाऊथचं. वजनाला कमी, पण गळाला लागला की पाण्याबाहेर उड्या मारमारून हात दुखवणारा.

आमच्याकडे म्हणजे सेंट क्लेअर सरोवरात. क्षेत्रफळ सुमारे 1,100 चौरस किलोमीटर, आणि सरासरी खोली जेमतेम 11 फूट. 1988 मध्ये इथे झेब्रा मसल नावाचे परदेशी शिंपले सापडले. मालवाहू जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून ते युरोपातून आले. हे शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे सरोवराचं पाणी नितळ होत गेलं. पाठोपाठ 1990 मध्ये शेजारच्या सेंट क्लेअर नदीत गोबी हा तळाशी राहणारा छोटा मासा आढळला. तोही परदेशी. स्मॉलमाऊथ त्यावर तुटून पडला आणि चांगला पोसला. म्हणजे आमचा बास पोट भरलेला आहे आणि त्याला लांबूनच सगळं दिसतं. जाड लाईन आणि खडखडणारं मोठं ल्युअर, म्हणजे नकली आमिष, बघून तो धावत येईल, असे दिवस थोडे. एरवी बारीक लाईन, 3 ते 10 ग्रॅमचं वजन आणि बोटभर मऊ प्लॅस्टिकचं आमिष घेऊन अगदी सावकाश काम करावं लागतं. यालाच फिनेस म्हणतात.

यातले दोन प्रकार कळले तरी सुरुवातीला पुरे. ड्रॉप शॉटमध्ये शिसं लाईनच्या टोकाला आणि हूक त्याच्या वीतभर वर. शिसं तळाला टेकलेलं राहतं आणि आमिष जागच्या जागी थरथरतं. जपानी लोकांनी हा प्रकार नावारूपाला आणला, तिथून तो कॅलिफोर्नियात आला. दुसरा नेड रिग, कॅन्ससच्या नेड केडी यांच्या नावाचा: अळंबीच्या डोक्यासारखं छोटं शिसं आणि त्याला आखूड जाडसर आमिष. दोन्हींत मासा हिसका देईलच असं नाही. कधी लाईन नुसती जड लागते, कधी उलट एकदम सैल पडते, कारण मासा आमिष उचलून तुमच्याच दिशेने आलेला असतो. एवढी बारीक गोष्ट हातापर्यंत पोचवणं हे रॉडचं काम. रीलचं काम त्यानंतर सुरू होतं. माझं सगळं म्हणणं या दोन वाक्यांवर उभं आहे.

आता या कामाला स्पिनिंग रीलच का? बेटकास्टर रीलमध्ये फेकीबरोबर स्पूल फिरतं आणि ते फिरवायला ल्युअरचं वजन लागतं. 3 ग्रॅमच्या तुकड्याला ते नीट जमत नाही. स्पिनिंग रीलचं स्पूल जागेवर थांबलेलं असतं आणि लाईन त्याच्या काठावरून वेटोळी सोडत निघून जाते. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या लोकर गिरणीतले आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी 1905 मध्ये अशा रीलचं पेटंट घेतलं. चातीवरून सुटणारं सूत रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाला ही युक्ती सुचावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

रॉडकडे येऊ. कार्बनच्या तंतूंचं राळ लावलेलं कापड ठरावीक आकारात कापून पोलादी दांड्याभोवती गुंडाळतात, वरून टेप घट्ट आवळतात, भट्टीत भाजतात आणि मग दांडा काढून घेतात. म्हणजे रॉड ही एक पोकळ नळी असते. कापड जितक्या ताठ तंतूंचं, तितकं ते कमी वापरून चालतं. नळी हलकी होते आणि तळाशी शिसं दगडावर घासलं तरी मुठीत कळतं. पण असा रॉड नाजूकही असतो. नावेच्या काठावर आपटला किंवा गाडीच्या दारात सापडला की ओरखडा दिसत नाही, आणि पुढच्या मोठ्या माशाला तो कडकन तुटतो. मासा नावेजवळ आल्यावर रॉड पार उभा करून त्याला वर खेचू नये, हेही याच कारणाने. जाळं वापरावं.

रॉडवर दोन शब्द छापलेले असतात. पॉवर म्हणजे वाकवायला किती जोर लागतो, आणि ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनचा रॉड शेंड्याकडून वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. फिनेसला हेच हवं. पॉवरच्या बाबतीत मात्र शब्दावर विसंबू नका. एका कंपनीचा मीडियम दुसरीच्या मीडियम लाईटइतका मऊ निघतो. त्याऐवजी मुठीच्या वर लिहिलेले ल्युअरच्या वजनाचे आकडे वाचा. 1/8 ते 1/2 औंस, म्हणजे साधारण साडेतीन ते चौदा ग्रॅम, आणि लाईन 6 ते 10 पौंड असं लिहिलेला सात फुटी रॉड आमच्या सरोवराला पहिला रॉड म्हणून चांगला. फार ताठ घेतलात तर फिनेसचा बारीक तारेचा हूक सरळ होतो, नाहीतर लाईन तुटते. या हुकाला झटका द्यायचा नसतो. रॉड बाजूला ओढत रील फिरवलं की तो आपोआप रुततो.

दुकानात रॉड हवेत सपासप हलवून बघणारे पुष्कळ. त्यातून फारसं काही कळत नाही. त्यापेक्षा कान साफ करायची कापसाची काडी खिशात न्या आणि ती प्रत्येक गाईडच्या, म्हणजे रॉडवरून लाईन नेणाऱ्या, कड्यातून आतल्या बाजूने फिरवा. कापूस कुठे अडकला, तंतू ओढले गेले, तर त्या कड्याला चीर आहे. ती चीर तुमची लाईन कापणार. मग डोळा मुठीकडे लावून शेंड्याकडे बघा. सगळी गाईडं एका रांगेत दिसली पाहिजेत. रीलजवळचं पहिलं गाईड उंच आणि पुढची झपाट्याने बारीक होत गेलेली असावीत. स्पूलवरून रुंद वेटोळ्यांत आलेली लाईन तिथेच आवरली जाते. मूठ कॉर्कची की फोमची, हा आवडीचा प्रश्न. मला कॉर्क आवडतं, थंडीत हाताला बरं लागतं.

तोल मात्र आवडीचा प्रश्न नाही. ड्रॉप शॉटला शेंडा वर धरून तासन् तास उभं राहायचं असतं. रॉडला रील लावा आणि रीलच्या पायाच्या किंचित पुढे एका बोटावर रॉड तोला. शेंडा जमिनीकडे कलंडत असेल तर दुपारपर्यंत मनगट बोलायला लागतं, आणि दुखऱ्या मनगटाला बारीक हालचाल कळत नाही.

आता रील. 2500 मापाचं घ्या. काही कंपन्या त्याच्या जवळपासच्या मापाला 30 लिहितात. वजन 200 ग्रॅमच्या आगेमागे असलं की सात फुटी रॉडला सहसा जमतं. गिअर रेशो 6:1 च्या आसपास असावा. गणित सोपं आहे: स्पूलवर लाईनचा व्यास 46 मिलिमीटर धरला तर एका वेढ्याला 14 सेंटिमीटरहून थोडी जास्त लाईन बसते. मूठ एकदा फिरवली की सहा वेढे, म्हणजे सुमारे 87 सेंटिमीटर लाईन आत येते. स्मॉलमाऊथ नावेकडे सुसाट पळत आला की सैल पडलेली लाईन आवरायला एवढा वेग लागतो.

बेअरिंगांचं म्हणाल तर मोठ्या गिअरला आणि पिनियनला, म्हणजे त्याला लागून फिरणाऱ्या छोट्या गिअरला, चांगल्या प्रतीची असली की झालं. मुठीच्या बोंडात आणखी दोन घालून खोक्यावरचा आकडा फुगवता येतो. मी आधी रोटर, म्हणजे स्पूलभोवती फिरणारा भाग, धरते आणि मूठ मागेपुढे हलवून बघते. उलट फिरणं तत्क्षणी थांबलं पाहिजे. हे काम आत बसवलेला एकदिशा क्लच करतो. जपानमधल्या साकाईला 1921 साली सुरू झालेल्या शिमानोचा पहिला माल होता सायकलचं फ्रीव्हील, म्हणजे तोही एकदिशा क्लचच. मासेमारीचं सामान ते 1970 पासून बनवतात. आमच्या धंद्यातल्या माणसाला अशा वंशावळीचं कौतुक असतं, म्हणून सांगितलं. रील दायवा या दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तरी माझी हरकत नाही.

रीलची खरी परीक्षा ड्रॅगची, म्हणजे मासा ओढू लागला की लाईन सोडणाऱ्या ब्रेकची. खोक्यावर 20 पौंड ड्रॅग असं ठळक छापतात. तुमचा लीडर, म्हणजे लाईनच्या टोकाला जोडलेला तुकडा, 8 पौंडांचा आहे. ड्रॅग लावायचा त्याच्या चौथ्या हिश्शाइतका, म्हणजे 2 पौंड. उरलेले 18 कुणासाठी? बघायचं ते हे, की ड्रॅग सुटताना अडखळतो का. पहिला हिसका बसतो तेव्हा चकत्या क्षणभर चिकटून राहिल्या तर बारीक लाईन तिथेच तुटते. घरी एक लिटर पाण्याची बाटली भरा, लाईनच्या टोकाला बांधा आणि रील हातात धरून वर उचला. बाटलीसकट ती साधारण सव्वादोन पौंडांची होते. ड्रॅग असा लावा की बाटली हळूहळू खाली उतरेल. एकसारखी उतरली तर रील चांगलं. थबकत, गचके खात उतरली तर परत करा, मग बेअरिंगं दहा असोत नाहीतर बारा.

लाईन रोलर, म्हणजे लाईन धरणाऱ्या तारेच्या, बेलच्या, टोकाचं ते इवलंसं चाक, बोटाने फिरतंय ना हेही बघा. ते अडकलं की लाईनला पीळ पडतो आणि मग गुंता ठरलेला. फेकीनंतर बेल हाताने बंद करायची सवय लावून घ्या, मूठ फिरवून नको.

लाईनवर फार लिहीत नाही, पण एक सांगितलंच पाहिजे. मुख्य लाईन 10 पौंडांची ब्रेड, म्हणजे विणलेली. ती ताणली जात नाही म्हणून बातमी लवकर पोचते. पुढे आठ-दहा फूट फ्लोरोकार्बनचा लीडर. तो पाण्यात कमी दिसतो, बुडतो, आणि घासलं गेलं तरी ब्रेडपेक्षा जास्त टिकतो. तळाशी झेब्रा मसलच्या धारा आहेत, म्हणून प्रत्येक माशानंतर शेवटचा हातभर लीडर दोन बोटांतून ओढून बघा. खरखर लागली की कापा आणि नवी गाठ मारा. ब्रेड थेट गुळगुळीत स्पूलवर भरू नका, सगळी गुंडाळीच घसरते. खाली नायलॉनचे थोडे वेढे घाला आणि स्पूल काठापासून दोनेक मिलिमीटर रिकामं ठेवा.

पैशाची वाटणी म्हणाल तर माझा कौल रॉडच्या बाजूने. सगळे मिळून 220 डॉलर असतील तर 120 रॉडला, 80 रीलला आणि 20 लाईनला. लोक बरोबर उलटं करतात, कारण रील चमकतं आणि रॉड नुसता काळा दिसतो. मोठ्या दुकानात मिळणारा रॉड-रीलचा तयार जोड मुलांना शिकवायला ठीक, फिनेसला नाही. आणि हाच रॉड सुट्टीत कोकणात नेऊन खाडीत जिताड्यावर चालवू नका. तिथला मासा, खडक आणि खारं पाणी, तिन्ही त्याच्या ताकदीबाहेरचं.

मिशिगनमध्ये 17 वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला परवाना लागतो. सेंट क्लेअरचा मोठा भाग कॅनडात आहे. नाव तिकडे सरकली तर ऑन्टॅरिओचा वेगळा परवाना हवा. हे उरकलं की आधी रील ठरवा आणि ते बरोबर घेऊन रॉडच्या दुकानात जा. चार-पाच रॉडना लावून, बोटावर तोलून बघायचंय असं सरळ सांगा. दुकानदार नको म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.