आधी कागद कापा, मग कापड : तयार पॅटर्नवरून सोयीची मॅक्सी

आपल्या रत्नागिरीत मॅक्सी नसलेलं घर शोधून सापडायचं नाही. स्वयंपाक, धुणीभांडी, नमाज, दुपारची झोप, मासेवाली आली की वर ओढणी घेऊन दारात जाणं, सगळं त्याच एका कपड्यात. तरी शिवायची वेळ आली की सर्वांत कमी विचार मॅक्सीचाच होतो. "सैलच तर आहे, त्यात माप काय घ्यायचं?"

मीही तेच केलं. तीन वर्षांपूर्वी अम्मीचा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना. डोक्यावरून कपडा घालायचा तर रोज सकाळी कुणीतरी मदतीला हवं. पाच मुलं वाढवलेल्या बाईला कपडे घालण्यासाठी सुनेला हाक मारायची लाज वाटायची. भाभीने कुवेतहून मॅक्सीच्या पेपर पॅटर्नचं पाकीट आणलं होतं. रेडीमेड कपड्यांवरचा आकडा धरून मी त्यातली साइज निवडली आणि नवं कॉटन थेट कापलं. मॅक्सी दिसायला छान झाली. पण अम्मी सजद्यात गेली की पाठीत ओढ, जमिनीवर बसली की मांडीवर ताण, आणि घालताना मदत लागायची ती लागायचीच. दोनदा घालून तिने ती कपाटात ठेवली. बोलली काहीच नाही. चूक पॅटर्नची नव्हती, माझी होती.

पॅटर्न कुणाच्या मापाचा?

वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न अमेरिकेत १८६३ साली एबेनेझर बटरिक या शिंप्याने विकायला काढले. तेव्हापासून पद्धत एकच : कंपनी एक ठरावीक बांधा धरते आणि त्यावरून लहान-मोठी मापं काढते. अमेरिकन पाकिटातला हा बांधा साधारण ५ फूट ५-६ इंच उंचीच्या बाईचा असतो. त्यातली २० नंबरची साइज म्हणजे छाती ४२, कंबर ३४, सीट ४४ इंच. दुकानातल्या कपड्यांच्या नंबरशी याचा संबंध नाही. शिवाय ही मापं उभ्या बाईची. आपल्या घरातल्या बायका मांडी घालून बसतात, वाकतात, उकिडव्या बसून मासे साफ करतात.

म्हणून पहिला नियम : नंबर बघू नका, टेपने अंग मोजा. छाती आणि कंबर उभ्याने, पण सीट खुर्चीवर बसून मोजा. बसल्यावर ती दोन-तीन इंच वाढते. दंडाचा घेर आणि मानेजवळच्या खांद्यापासून घोट्यापर्यंतची लांबीही लिहून ठेवा.

मग कागद मोजा

मूळ कागद कापू नका. खाकी कागदावर किंवा वर्तमानपत्र चिकटवून त्याची नक्कल काढा. आधी बघा की शिलाईची माया कागदात धरलेली आहे का. अमेरिकन पॅटर्नमध्ये बहुधा दीड सेंटीमीटर धरलेली असते, जर्मन बुर्डा मासिकाच्या पॅटर्नमध्ये नसते, ती आपण सोडायची.

आता माया वगळून पुढचा आणि मागचा भाग मोजा. अम्मीची छाती ४२. मॅक्सीला ६ इंच सैलपणा हवा, म्हणजे ४८. कागद भरला ४५. तीन इंच कमी. पुढे-मागे मिळून चार कडा, म्हणून प्रत्येक कडेला पाऊण इंच वाढवायचा. बसून घेतलेली सीट ४८, सैलपणासह ५४. कागद ४९. पाच इंच कमी, म्हणजे प्रत्येक कडेला सव्वा इंच. बगलेत पाऊण, सीटला सव्वा अशी तिरकी रेघ मारून ती खाली घेरापर्यंत न्या. बगलेत जेवढं वाढवलं, तेवढंच बाहीच्या दोन्ही कडांना वाढवा, नाहीतर बाही मुंढ्यात बसणार नाही.

मुंढा खाली नेऊ नका

इथे बहुतेक जणी फसतात. हात मोकळा हवा म्हणून मुंढा खोल कापतात. होतं उलट. मुंढा जितका खाली, तितकी हात वर करताना अख्खी मॅक्सी वर ओढली जाते. मुंढा बगलेजवळच ठेवा. सैलपणा बाहीत द्या : वरचा गोलवा थोडा उतरवा आणि दंडाकडे रुंदी वाढवा. तरी ओढ राहिली तर बगलेत चार इंचांचा चौकोनी तुकडा लावा. जुन्या कुर्त्यांना असायचा तोच चौबगला. आपल्या नान्या-दाद्यांना हे ठाऊक होतं.

लांबी घेराच्या कडेला कापून कमी करू नका, त्याने घेर घटतो. कागदावर दोन समांतर रेघा असतात, तिथे घडी घालून कमी करा. घेर मी ८० इंचांपेक्षा कमी ठेवत नाही, जिना चढताना पाय अडत नाही.

खांदा दुखत असेल तर

पुढचा भाग घडीवर कापू नका. मध्यरेषेपुढे ३ इंच जास्त ठेवून दोन तुकडे कापा : १ इंच एकावर एक येण्यासाठी, २ इंच आत दुमडण्यासाठी. कमरेच्या खालपर्यंत मोठी बटणं लावा, त्याखाली शिवून टाका. मग मॅक्सी पायातून वर घेता येते. दुखरा हात आधी बाहीत घालायचा, काढताना शेवटी काढायचा. बाळाला दूध पाजणाऱ्या मुलींनाही अशी मॅक्सी सोयीची.

कापड

आपल्या दमट हवेत सिंथेटिक अंगाला चिकटतं. कॅम्ब्रिक किंवा मऊ पॉपलिन घ्या. पावसाळ्यासाठी पातळच, जाड कापड दोन दिवस वाळत नाही. ४४ इंच पन्ह्याचं पावणेचार मीटर पुरतं : ५६ इंचांच्या दोन लांब्या आणि बाह्यांना २४ इंच. कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून इस्त्री करा. कॉटन शंभरात तीन ते पाच इंच आटू शकतं.

आणि नव्या कापडाला कात्री लावण्याआधी जुन्या चादरीची एक मॅक्सी कच्च्या टाक्यांनी शिवून बघा. ती घालून मांडी घाला, वरच्या फळीवरचा डबा काढा, रुकू-सजदा करून बघा. जिथे ओढेल तिथे खूण करा आणि ती दुरुस्ती कागदावर उतरवा. एकदा कागद बरोबर झाला की तो जपून ठेवा. पुढच्या दहा मॅक्सी त्यावरूनच.

अम्मीचा कागद आता माझ्या कपाटात गुंडाळी करून ठेवलाय, वर तिचं नाव आणि मापं. दुसरी मॅक्सी तिला शिवून दिली, त्याच्या दुसऱ्या दिवशी फजरनंतर ती स्वतःच बटणं लावून बाहेर आली. सुनेला हाक मारली, पण चहासाठी.