दोन जळगावं, चार कॅमेरे

जळगाव जामोदच्या एका कापड दुकानदारांचं पत्र आलं आहे. दुकानात चार कॅमेरे बसवले, पण बसवणारा म्हणाला, बाहेरगावाहून थेट बघायचं तर 'स्टॅटिक आयपी' घ्या, त्याचे पैसे वेगळे. ते विचारतात, "दुकानात नेट आहे, मोबाइलवर नेट आहे, मग मध्ये हा आयपी कशाला?" शेवटी सहज एक वाक्य आहे: पासवर्ड बसवणाऱ्याने ठेवला तोच आहे. त्या वाक्याकडे नंतर येतो.

आयपी म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. म्हणजे प्रश्न पत्त्याचा आहे, आणि पत्त्याचं दुखणं जळगाव जामोदकरांना नवं नाही. खानदेशातलं जळगाव मोठं, म्हणून या गावाच्या नावाला शेजारच्या जामोदचं नाव जोडावं लागलं. देशभर अशी एकाच नावाची गावं किती तरी. त्यात लिपी वेगळ्या, अक्षर वाईट. या गोंधळावर उपाय शोधला तो टपाल खात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने. माणूस संस्कृतचा पंडित, संस्कृतात नाटकं लिहिणारा. 15 ऑगस्ट 1972 रोजी त्यांचा सहा आकडी पिन कोड सुरू झाला. त्यांचं नाव शाळेच्या प्रत्येक पुस्तकात असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

कारण युक्ती फार सुंदर आहे. जळगाव जामोदचा पिन 443402, खानदेशातल्या जळगावचा 425001. दिल्लीत पत्रं निवडणाऱ्याला जामोद कुठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. तो फक्त 4 बघतो आणि पत्र पश्चिमेकडे जाणाऱ्या थैलीत टाकतो. पुढचा माणूस 44 बघून विदर्भाकडे वळवतो, त्याच्या पुढचा 443 बघून बुलढाण्याकडे. इंटरनेटवरचे राउटरही नेमकं हेच करतात: पत्त्याचा पुढचा भाग वाचायचा आणि पाकीट पुढे ढकलायचं. अख्ख्या जगाचा नकाशा कोणालाच पाठ करावा लागत नाही.

वेलणकरांनंतर पाच वर्षांनी, 1977 मध्ये, अमेरिकेत व्हिंट सर्फ यांनी इंटरनेटच्या पत्त्याची लांबी ठरवली: 32 बिट, म्हणजे सुमारे 429 कोटी पत्ते. जगाची लोकसंख्या तेव्हा जवळपास तेवढीच होती आणि काम प्रयोगापुरतं होतं. प्रयोग काही थांबला नाही. 3 फेब्रुवारी 2011 रोजी जागतिक कोठारातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले.

तरी नेट चालू राहिलं, ते वाड्याच्या युक्तीने. वाड्याचा पत्ता एक, बिऱ्हाडं पन्नास. कुठल्या खोलीतून कोणाला पत्र गेलं हे देवडीवरचा माणूस वहीत टिपून ठेवतो आणि उत्तर आलं की त्याच खोलीत पोचवतो. मात्र बाहेरून कोणी आपणहून आलं, तर वहीत नोंद नसल्यामुळे तो त्याला आत सोडत नाही. आपल्या वाचकांचे कॅमेरे अशाच एका खोलीत आहेत. स्टॅटिक आयपी म्हणजे रस्त्याकडे उघडणारं स्वतंत्र दार. ते न घेताही ॲपवर कॅमेरा दिसू शकतो, कारण तिथे कॅमेराच आधी कंपनीच्या सर्व्हरला पत्र लिहून ठेवतो आणि तुमचा मोबाइल त्या सर्व्हरमार्फत त्याला गाठतो.

वाड्यात आता माणसांपेक्षा यंत्रं वाढली आहेत: वीज मीटर, शेतातल्या मोटारीचा मोबाइल स्टार्टर, गाड्यांचे जीपीएस. अशा यंत्रांच्या सिमसाठी दूरसंचार खात्याने 1 जुलै 2018 पासून 13 आकडी क्रमांक आणले. इंटरनेटच्या पत्त्यांसाठी उत्तर आहे 128 बिटांचं आयपीव्ही6, आणि त्यात भारत जगाच्या पुढच्या रांगेत आहे. 2016 मध्ये जिओ आलं ते हे पत्ते घेऊनच. यात एका घराला सहज मिळणाऱ्या पत्त्यांत जुनं अख्खं इंटरनेट 429 कोटी वेळा मावतं.

पत्त्यांचा प्रश्न सुटला. कुलपाचा सुटलेला नाही, आणि 'स्मार्ट' वस्तूंच्या जाहिराती त्यावर गप्प असतात. 2013 मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की एक संगणक जुन्या इंटरनेटच्या झाडून सगळ्या पत्त्यांवर 45 मिनिटांत टकटक करू शकतो. 2016 मध्ये 'मिराय' नावाच्या प्रोग्रामने तेच केलं. दार दिसलं की कारखान्यातून येणारे साठेक ठरीव पासवर्ड लावून बघायचे, बस. ऐन भरात सुमारे 6 लाख उपकरणं त्याच्या ताब्यात होती, बरीचशी कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारे डीव्हीआर. 21 ऑक्टोबरला अशा उपकरणांनी वेबसाइटच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणाऱ्या डाइन या कंपनीवर एकदम मारा केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास अनेकांना उघडेनात. मिराय लिहिणारे कॉलेजच्या वयाचे होते. एवढी मोठी फौज त्यांना अवघ्या साठेक पासवर्डांत मिळाली, याचा मला अजूनही धसका वाटतो.

नव्या पत्त्यांत अशी टकटक अवघड आहे. त्याच वेगाने एका घराचे सगळे पत्ते तपासायला साडेतीन लाखांहून अधिक वर्षं लागतील. पण ज्याच्याशी तुम्ही बोलता त्याला तुमचा पत्ता कळतोच, म्हणून राउटरचा फायरवॉल, म्हणजे अनोळखी टकटक अडवणारा पहारा, चालू हवा. ब्रिटनमध्ये 29 एप्रिल 2024 पासून सोपे, ठरीव पासवर्ड घालून उपकरणं विकायला बंदी आहे, आणि सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार हेही उत्पादकाला सांगावं लागतं. आपल्याकडे एप्रिल 2025 पासून सुरक्षेच्या चाचणीशिवाय सीसीटीव्ही कॅमेरा बाजारात आणता येत नाही. हा नियम चांगला आहे, पण आधीच भिंतीवर बसलेल्या कॅमेऱ्यांचं काय?

तर वाचकहो, तुमच्या चार कॅमेऱ्यांबद्दल. स्टॅटिक आयपी घेऊ नका, ॲप पुरेसं आहे. आधी डीव्हीआरची नेटची वायर काढा, मग तो बंद करून चालू करा. मिराय मेमरीतच राहत असल्यामुळे तेवढ्याने निघून जातो, पण बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड तसाच राहिला तर काही मिनिटांत परत येऊ शकतो. म्हणून वायर जोडण्याआधी पासवर्ड बदला, लांबलचक आणि फक्त तुम्हालाच माहीत असलेला. काही जुन्या डीव्हीआरमध्ये एक पासवर्ड आतच कोरलेला असतो, तो बदलता येत नाही. तुमचा तसा निघाला, तर वायर परत लावूच नका. रेकॉर्डिंग नेटशिवायही होतं.