बुडालेल्या बोटीतलं घड्याळ

मित्रांनो, आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण ही गोष्ट आमच्या जुन्नरकडच्या घरातली आहे, आणि ती इंग्लिश सेक्शनला दिली असती तर आजीला वाचता आली नसती. म्हणून हा खटाटोप!

आमच्या घराच्या माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात फडक्यात गुंडाळलेलं, चांदीच्या डबीचं एक खिशातलं घड्याळ होतं. माझे पणजोबा मुंबईला गोदीत कामाला होते, त्यांचं. पण घरात त्याला कुणी हात लावायचं नाही. का? तर म्हणे ते 'रामदास' बोटीतलं आहे, मेलेल्या माणसाचं!

रामदास बोट बऱ्याच जणांनी ऐकली नसेल. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत वादळी समुद्रात उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. सणासाठी गावी निघालेली कोकणातली माणसं होती ती. स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं असताना हे घडलं.

मागच्या दिवाळीत काका म्हणाले, "एक गिऱ्हाईक आहे. रामदासमधलं म्हणून सांगितलं तर चांगले पैसे देईल." आजी काहीच बोलली नाही. मी थर्ड इयर मेकॅनिकलला. म्हटलं, विकायच्या आधी ते खरंच समुद्रात होतं का आणि बनवलं कुणी, एवढं तरी बघूया.

नाव कुठे शोधायचं?

आपल्याला वाटतं, तबकडीवर नाव असतं तोच बनवणारा. इथेच पहिली चूक होते. आमच्या तबकडीवर इंग्रजीत 'वेस्ट एंड वॉच कंपनी, बॉम्बे-कलकत्ता' असं आहे. ही कंपनी मुंबईत खूप जुनी आणि नावाजलेली. पण तिच्या पुष्कळ घड्याळांतलं यंत्र स्वित्झर्लंडच्या दुसऱ्या कारखान्यांतून यायचं. तबकडीवर विकणाऱ्याचं नाव, आत बनवणाऱ्याचं! युरोपात तर अठराव्या शतकात लंडनच्या कारागिरांची खोटी नावं घालून घड्याळं विकली जात. म्हणजे नुसत्या नावावर विश्वास ठेवायचा नाही.

म्हणून तीन ठिकाणी बघायचं: तबकडी, डबी आणि यंत्र. डबीच्या आतल्या बाजूला धातूची शुद्धता सांगणारे छोटे शिक्के असतात. इंग्लंडच्या चांदीवर चालणारा सिंह, आणि गावाची खूण म्हणून लंडनसाठी बिबट्याचं तोंड, बर्मिंगहॅमसाठी नांगर. शिवाय वर्षाचं अक्षर. स्विस चांदीवर अस्वल असेल तर हजारात ८७५ भाग चांदी, आणि रानकोंबड्यासारखा पक्षी असेल तर ८००. आमच्या डबीत हा पक्षी निघाला. म्हणजे डबी स्विस.

यंत्र बघायला मंचरच्या एका घड्याळवाल्या काकांकडे गेले. मी घरी सुरीने झाकण उघडायच्या बेतात होते हे ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "पोरी, आधी भिंग लाव, मग हत्यार घे!" त्यांनी दोन्ही झाकणं उघडली. यंत्रावर एक नंबर होता आणि शेजारी मुगाएवढी खूण : पंख असलेलं वाळूचं घड्याळ. ही लाँजिन्सची खूण, १८८९ पासून नोंदवलेली. लाँजिन्सच्या नंबरांवरून वर्षाचा अंदाज काढता येतो. आमचा नंबर १९२० च्या दशकात पडतो. बनवणारा सापडला!

मग समुद्राचं काय?

खाऱ्या पाण्यात पितळ बऱ्यापैकी टिकतं, पण पोलाद टिकत नाही. आणि घड्याळातले सगळ्यात नाजूक भाग पोलादाचेच. केसासारखी बारीक कमान, चाकांचे दांडे, स्क्रू. बुडालेलं घड्याळ लगेच उघडून धुतलं नाही तर गंज चढायला वेळ लागत नाही. वर्षानुवर्षं तळाशी राहिलं तर गंज, चुना आणि वाळू मिळून त्याचा दगडासारखा गोळाच होतो.

असा एक गोळा स्कॉटलंडमध्ये सापडला होता. 'स्वान' नावाची छोटी लढाऊ बोट १६५३ साली मल बेटाच्या ड्युआर्ट टोकाजवळ वादळात बुडाली. तिच्या अवशेषांत घड्याळाचा गोळा मिळाला. फोडला तर सगळंच जाणार. म्हणून एडिंबराच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या लोकांनी त्याचं सीटी स्कॅन करून घेतलं. आपल्या दवाखान्यात असतं तेच तत्त्व : वस्तूचे अनेक कोनांतून एक्स-रे घ्यायचे आणि कॉम्प्युटरने त्यातून आतली त्रिमितीय रचना उभी करायची. फक्त इथे अचूकता कितीतरी जास्त. पोलादाचे भाग गेले होते, पण पितळी चाकं, नक्षी आणि कोरलेलं नावसुद्धा पडद्यावर दिसलं : निकोलस हिगिन्सन, वेस्टमिन्स्टर. साडेतीनशे वर्षांनी, गोळ्याला टाचणीही न लावता कारागिराचं नाव वाचलं गेलं!

आमच्याकडे सीटी स्कॅनची गरज पडली नाही. कॉलेजच्या मेट्रॉलॉजी लॅबमधल्या टूलमेकर्स मायक्रोस्कोपखाली सरांनी घड्याळ ठेवू दिलं (सर, थँक्यू!). कमान स्वच्छ, स्क्रूंचा निळा रंग तस्साच, कुठे गंजाचा ठिपकाही नाही. आणि मागच्या झाकणाच्या आत सुईने ओरखडलेले काही आकडे दिसले. दुरुस्ती करणारे असं करतात हे मला मंचरच्या काकांनीच सांगितलं होतं. घड्याळ साफ केलं की आत बारीक अक्षरात तारीख आणि आपली खूण ओरखडून ठेवायची. आमच्यात १९३६, १९४४ आणि १९५० अशा नोंदी होत्या, आणि तिन्हींखाली एकाच वळणाची खूण. म्हणजे बोट बुडण्याच्या आधी आणि नंतरही घड्याळ एकाच दुरुस्तीवाल्याकडे जात होतं. बुडालेल्या अनोळखी प्रवाशाचा आणि माझ्या पणजोबांचा घड्याळवाला एकच, हा योगायोग जरा जास्तच झाला. त्यापेक्षा ते पहिल्यापासून पणजोबांचंच होतं हे मानणं सोपं.

आपल्या भीमाशंकरला देवळासमोर पोर्तुगीज घंटा आहे ना? चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेतून ती आली असं सांगतात. तिच्यावरचा क्रूस आणि इसवी सनाचं वर्ष बघितलं की ही मुळात देवळासाठी ओतलेली नाही हे कळतं. वस्तू कितीही लांब गेली तरी आपली जन्मखूण अंगावर घेऊन फिरते. म्हणून मित्रांनो, जुनं घड्याळ, भांडं, नाणं सापडलं तर चिंच किंवा राख लावून घासू नका. चकाकी येईल, पण शिक्के जातील. आणि पाण्यातून निघालेली वस्तू घाईने वाळवू नका, ओलीच ठेवून जाणकाराला दाखवा.

आता घरचं. सुट्टीत मी सगळं सांगितलं. काकांचं तोंड उतरलं, कारण रामदासचं नाव गेलं की भावही गेला. म्हणाले, "गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं?" तेव्हा मात्र आजी बोलली. "सहाशे माणसं गेली तिथं. त्यांच्या नावावर खोटं बोलून पैसे नकोत मला."

मग ती हसायला लागली. म्हणाली, "सासूबाई पोरांना दम द्यायच्या, हात लावू नका, बुडालेल्या बोटीतलं आहे ते! मला खरंच वाटलं गं." पोरांनी घड्याळ मोडू नये म्हणून दिलेल्या धाकापायी ते इतकी वर्षं पेटीत पडून होतं!

मंचरच्या काकांनी तेल घालून ते चालू करून दिलंय. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. आता ते आजीच्या उशाशी असतं, आणि रोज रात्री चावी तीच देते. मी फोन केला की आधी विचारते, "तुझ्या मोबाईलात किती वाजलेत?" आणि मग काटा पुढे करते.